वाचणाऱ्याचा रिकामा रकाना

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये शहाणपणा शिकवायला नको — माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. ह्या ग्रुपवरचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, पण ते जेवताना, तोंडी लावायला. कोणाला वळणावर पांढरी साडी दिसते, कोणाच्या बाइकवर मागे वजन येतं... मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. हल्ली हसण्याआधी मी एकदा मागे वळून बघतो, एवढाच फरक पडलाय.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. अठरा वर्षं झाली. आमच्याकडे 'मला असं वाटतं' चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. मूळ गाव औशाजवळचं, पण आता तळवड्यात आयटी पार्कच्या मागे चौथ्या मजल्यावर राहतो. बायको वैशाली पिंपरीत एका वकिलांकडे स्टेनो आहे, मराठी शॉर्टहँडची. तिची एक खासियत सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. डिक्टेशन घेताना तिचे कान ऐकतात, हात लिहितो आणि डोकं संध्याकाळच्या भाजीत असतं. सांगणारा कोण, काय सांगतोय, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. समोर खून असो की बक्षीसपत्र, वहीत सगळं सारखंच उतरतं.

दोन वर्षांपूर्वी मला मोडी शिकायची हुक्की आली. दर शनिवारी पिंपरीत क्लास असायचा. तिथे माझ्या शेजारी नंदू सावंत बसायचा. हा मूळचा कुडाळचा, चाकणलाच दुसऱ्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. भुतांच्या बाबतीत नंदू माझ्या बरोब्बर उलट. त्याच्या गावी म्हणे प्रत्येक वडाचा मालक वेगळा असतो, आणि नंदूला ते सगळे नावानिशी माहीत आहेत.

क्लास संपल्यावर आम्ही दोघांनी एक टूम काढली — मोडी पार्टी. लोक रविवारी मॅच बघायला जमतात, आम्ही जुने कागद वाचायला जमायचो. कोणाच्या घरी माळ्यावर पडलेला कागद आणायचा, एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहून घ्यायचा, तिसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघायचा. आणि मग जेवायचं. मी क्वालिटीवाला असल्यामुळे त्याचीही चेकशीट बनवली होती. ओळ क्रमांक, आणि पुढे तीन रकाने : वाचणार, लिहिणार, तपासणार. तिन्ही सह्या झाल्याशिवाय ओळ पास नाही. नंदू म्हणायचा, "मेल्या, हा कागद आहे की ब्रेकची डिस्क?" पण सही करायचा.

आता संपत. संपत माझा मित्र, तळवड्यातच त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ह्यांचं घर इंद्रायणीकाठच्या एका जुन्या गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या शेती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्याने मला दम दिलाय. ह्या घराच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीचे अण्णा, म्हणजे संपतचे वडील. धाकट्या पातीचे तात्या, अण्णांचे चुलतभाऊ. दोघं एका अंगणात वाढले, एका पाटीवर शिकले, एकाच तालमीत लोळले. आणि बारा वर्षांपूर्वी चैत्रातल्या यात्रेत देवाचं निशाण कोणी धरायचं यावरून जे भांडले, ते आजतागायत एकमेकांशी अक्षर बोललेले नव्हते. तात्या तेव्हापासून यात्रेला आलेच नाहीत. त्या दिवशी ते म्हणे दार लावून घरात बसायचे.

भांडणाला पुरावा म्हणून अण्णांकडे एक मोडी कागद होता. पंचांनी दिलेला निवाडा. तो वाचता कोणालाच येत नव्हता, पण 'त्यात निशाण थोरल्याचं लिवलंय' असं अण्णा छातीठोक सांगायचे. त्यांनी तो पिंपरी कॅम्पात नेऊन लॅमिनेट करून आणला होता. इथेच आमच्या क्लासच्या सरांना भोवळ आली असती, पण पुढे ऐका. लॅमिनेशनवर समाधान न झाल्याने अण्णांनी संपतच्या वर्कशॉपमधून त्याला स्टीलच्या चौकोनी पाइपची फ्रेम करून घेतली होती. पुढे अॅक्रिलिक, मागे अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि चारी बाजूंनी रिबिटा. कोणी कागद चोरायचा म्हटला असता तर आधी गॅस कटर आणावा लागला असता.

यंदा यात्रा आठ दिवसांवर आली आणि संपत माझ्याकडे आला. तोंड पडलेलं.

"महेशराव, अण्णांनी नवीन काढलंय," तो म्हणाला. "त्या कागदाचं मराठी करून पायजे. त्याचं वीस फुटी फ्लेक्स करून वेशीवर लावायचं म्हनत्यात."

"फ्लेक्स? कशाला?"

"तात्यांनी येता-जाता वाचावं म्हनून. आन् तात्या हायेत पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. दम्यानं बेजार. घरी येतील तवा वेशीतनंच यावं लागंल त्यांना." तो खुर्चीत पुढे सरकला. "आवो, मला तात्यांनी खांद्यावर बसवून यात्रा दावलीय. फ्लेक्स एकदा लागलं ना, तर मंग संपलंच. ह्या जल्मात तरी न्हाई जुळायचं."

"मग नाही म्हण ना."

"अण्णांना न्हाई म्हननारा आजून जल्माला यायचाय. रविवारी सहा वाजता फ्लेक्सवाला दुकान बंद करतो, त्याच्या आत मजकूर पायजे."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू — त्याहून जास्त आनंद झाला. पंचांचा निवाडा! आत्तापर्यंत आमच्या पार्टीला नंदूच्या आजोबांच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका आणि कोणाच्या तरी म्हशीची तक्रार, एवढाच माल आला होता.

रविवारी सकाळी अकराला संपत फ्रेम घेऊन आला. लिफ्ट बंद. संपत आणि नंदू ती चार मजले वर घेऊन आले तेव्हा दोघांच्या तोंडाला फेस होता. हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर फ्रेम भिंतीला टेकवून उभी केली. लिहायला वैशाली तयार झाली होती, एका अटीवर — स्वयंपाक मी करायचा. ती डायनिंगची खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून, फ्रेमकडे पाठ करून बसली. मांडीवर शॉर्टहँडची वही. "चला, सांगा भराभर," म्हणाली. तिच्या दृष्टीने आम्ही अशील होतो.

नंदू टॉर्च धरून वाचत होता, मी अडलं तिथे सांगत होतो. अक्षर देखणं होतं. आधी आडवी रेघ ताणून मग तिला अक्षरं टांगलेली, जोंधळ्याच्या कणसांसारखी. चौदा ओळी. वर तारीख, पंचांची नावं, देवाचं नाव, दोन भावांचा निशाणावरून कज्जा... म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही ह्या घरात हेच! आणि शेवटच्या, चौदाव्या ओळीत निकाल : 'निशाण थोरले घरी असावे, धाकटे घरी कजिया न करावा.'

संपत मटकन सोफ्यावर बसला. अण्णांचं खरं होतं.

त्याच क्षणी तीन गोष्टी झाल्या, आणि त्या मी नीट सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. नंदूचा फोन वाजला. कंपनीत लाइन बंद पडली होती. तो बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेऊन ओरडायला लागला. माझ्या मसालेभाताच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी स्वयंपाकघरात पळालो. आणि संपत दही आणायला खाली गेला. हॉलमध्ये उरली फक्त वैशाली, खिडकीकडे तोंड करून. दहा-बारा मिनिटांनी मी बाहेर आलो तर ती वही मिटत होती. "झालं," म्हणाली. मला वाटलं, शेवटची ओळ नीट करत असेल.

आम्ही जेवलो. मसालेभात जरा खाली लागला होता, पण त्याबद्दल इथे बोलायचं कारण नाही. अडीचच्या सुमारास वैशालीने वहीवरून मजकूर लॅपटॉपवर टाइप केला आणि मी चेकशीट घेऊन ताडायला बसलो. तेरा... चौदा... आणि मजकूर पुढे चालूच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय काय आहे?"

"चौदा ओळींनंतर हे खालचं?"

"तुम्ही सांगितलं ते आहे."

मी मोठ्याने वाचलं. जसंच्या तसं देतो : 'परंतु निशाण वेशीबाहेर काढणे ते दोघांनी हात लावून काढावे. यात्रेचे दिवशी दोघां भावांनी एके ताटी जेवून मग निशाणास हात लावावा. एक जरी न आला तरी निशाण देवळीच ठेवावे. थोरलेपणाचा मान थोरल्यास, तैसे धाकट्यास बोलावू जाणे तेही थोरल्याने जावे. याखेरीज यात्रा करील तो देवाचा अन्यायी.'

संपतचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "वैनी," तो हळूच म्हणाला, "माझ्यासाठी लिवलं का तुमी? फ्लेक्स लागू नये म्हनून?"

आणि मीही तेच म्हणालो. त्याच्यापेक्षा वाईट शब्दांत. म्हणालो, "वैशाली, मूळ कागदात नसलेलं घुसडायचं म्हणजे सरळ सरळ फ्रॉड आहे."

तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही. ती आरडाओरडा करत नाही. तिने पेन टेबलावर ठेवलं, शांतपणे.

"अकरा वर्षं झाली मला," ती म्हणाली. "साक्षीदार शिव्या देतो तेव्हा शिव्या लिहिते. वकील चुकीचा कायदा सांगतात तेव्हा तोही लिहिते. माझ्या मनाचं एक अक्षर मी आजवर लिहिलेलं नाही. कोणीतरी वाचत होतं, मी लिहीत होते."

"नंदू, तू वाचत होतास?"

"मी? मी बाल्कनीत मेंटेनन्सवाल्याच्या आयमायचा उद्धार करत होतो. अख्ख्या सोसायटीने ऐकला असेल."

"संपत?"

"मी दह्याच्या लायनीत."

मग वैशाली कपाळाला आठ्या घालून आठवायला लागली. "नंदूभाऊजींचा आवाज नव्हता तो. म्हातारा होता. मला वाटलं, संपतभाऊजींचे वडील आले असतील. छान वाचत होते, अजिबात न अडखळता. तुमच्या दोघांसारखं कुंथत नव्हते. मध्ये एकदा खाकरले, ते मी लिहिलं नाही. आणि शेवटी म्हणाले, 'लिहिलं का, बाई?'"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, 'हो, सर.'"

नंदू ज्या खुर्चीवर बसला होता ती फ्रेमच्या सगळ्यात जवळची. तो त्या खुर्चीवरून कधी उठला आणि देव्हाऱ्यापाशी कधी पोचला, ते मला दिसलंच नाही. "आमच्या गावाक असा झाला असता तर आधी देवाक गाऱ्हाणा घातला असता," तो तिथूनच म्हणाला. "तू मेल्या चेकशीट भरतोयस!"

मी मात्र त्या वेळी वेगळ्याच विचारात होतो, आणि मला घाम फुटला होता. आमचे मोडीचे सर पहिल्या दिवसापासून सांगायचे : कागद हातात आला की आधी उलटा करून बघा, जुने लोक कागद वाया घालवत नसत, पाठपोट लिहीत. आणि कंपनीत मी स्वतः पोरांना ओरडतो, दोन्ही बाजू बघितल्याशिवाय ओकेचा टॅग लावायचा नाही. अठरा वर्षं ओरडतोय. आणि माझ्या हॉलमध्ये, अॅल्युमिनियमच्या पत्र्यामागे, कागदाची दुसरी बाजू होती. ती बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"संपत, पाठीमागे काही लिहिलंय का?"

"मागं? मागं शाई फुटलीय म्हनला व्हता लॅमिनेशनवाला."

"फ्रेम उघड."

संपतच्या टेम्पोत ड्रिल होतंच. पहिली रिबिट निघेपर्यंत खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी काका वर हजर. "दोन ते पाच ड्रिल बंद! नोटीस वाचत नाही का तुम्ही?" मी म्हटलं, "काका, दोनशे वर्षांपूर्वीची नोटीस वाचतोय, जरा थांबा." ते थांबले. त्यांनाच मग टॉर्च धरायला लावला. सोळा रिबिटा काढून पत्रा बाजूला केला. लॅमिनेशन दोन्हीकडून पारदर्शक होतं, आणि मागे शाई फुटलेली नव्हती.

मागे सहा ओळी होत्या.

मी वाचत गेलो आणि नंदूने देव्हाऱ्यापासून मान लांब करून वैशालीचा मजकूर ताडला. 'परंतु निशाण वेशीबाहेर काढणे...' शब्दाला शब्द. माझ्या दंडावर काटा आला होता, पण आवाज मी कंपनीतला ठेवला होता. तिसऱ्या ओळीशी मी अडकलो. 'दोघां भावांनी' आणि 'जेवून' यांच्यामध्ये कसरीने कागद खाल्ला होता, बोटभर भोक. पुढून तो कोरा समास होता, म्हणून ते कळलं नव्हतं. तिथे अक्षर नव्हतंच. आणि वैशालीच्या कागदावर तिथे होतं : 'एके ताटी'.

म्हणजे समजा, कोणी पत्र्यातून आरपार बघून वाचलं असं धरलं, तरी ते दोन शब्द वाचायला जगात शिल्लकच नव्हते.

पाच वाजता अण्णा मजकूर न्यायला आले. पंच्याहत्तरी पार केलेला गडी, पण चार मजले न थांबता चढून आले आणि घामाचा थेंब नाही. उघडी फ्रेम बघून आधी संपतला शिव्या घातल्या. मग मी त्यांना दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. पुढची बाजू ऐकताना त्यांची मान डोलत होती. मागची सुरू झाली तशी ती थांबली.

"हे एके ताटी कुठाय?" त्यांनी बोट ठेवलं. "हितं तर भोक हाय!"

"हो," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार? "अधिकृत नकलेत मला तिथे 'अक्षरे गेली' असंच लिहावं लागेल."

"मंग झालं तर! आपापल्या घरी जेवून, असं बी आसंल. फ्लेक्सवर पुढची बाजू घ्या फकस्त. मागलं कोन इचारतंय?"

"अण्णा, मागं बोलवायला थोरल्यानं जावं असं बी लिवलंय," संपत पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "तिथं भोक न्हाई."

"तू गप ए! ह्या बाईला एके ताटी कुनी सांगितलं? सपान पडलं का?"

वैशालीला दिवसातून दुसऱ्यांदा खोटं ठरवलं गेलं होतं. ती उठून अण्णांच्या समोर उभी राहिली आणि साक्ष दिल्यासारखं सगळं सांगितलं. म्हातारा आवाज, न अडखळता वाचणं, खाकरणं, 'लिहिलं का, बाई?'

अण्णांनी एकदम विचारलं, "खाकरला कसा?"

"म्हणजे?"

"करून दाव."

आणि माझ्या बायकोने, सेक्रेटरी काकांसकट आम्हा सगळ्यांसमोर, खाकरून दाखवलं. दोनदा तुटक, मग एकदा लांब, आणि शेवटी घशातल्या घशात 'हं'.

अण्णांच्या तोंडावरचा रंग उतरला. ते भिंतीला धरून खाली बसले. मग संपतच्या शर्टाला धरून म्हणाले, "गाडी काढ. दवाखान्यात चल. तात्या गेला रं..."

"काय बोलताय अण्णा? सकाळीच इचारलं मी, बरं हाय त्यांना."

"तात्याचं खाकरनं हाय ते! लहानपनापासनं ऐकतोय मी, मला शिकवतो का? गेला तो. जाता जाता हितं येऊन बोलला माझा भाऊ, आन् मी त्याला फ्लेक्स दावायला निघालतो..." आणि तो माणूस, ज्याला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय, माझ्या हॉलमध्ये पोरासारखा रडायला लागला. टेबलावरचा टाइप केलेला कागद त्यांनी तसाच मुठीत उचलला आणि दोघं गेले. जाताना अण्णा चप्पल घालायची विसरले. सहा वाजले, फ्लेक्सवाल्याचे चार फोन येऊन गेले. कोणी उचलले नाहीत.

पुढचं मला संपतने त्याच रात्री फोनवर सांगितलं.

दवाखान्यात गेटवर एकालाच पास, तो संपतने घेतला. अण्णा अनवाणी, डोळे लाल, त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. वॉर्डात शिरले तर तात्या खाटेवर मांडी घालून बसलेले, समोर घरून आलेला खिचडीचा डबा. दारात अण्णांना बघून त्यांनी घास तोंडाशी तसाच धरला. बारा वर्षं! अख्खा वॉर्ड बघत होता. अण्णा नुसते खाटेच्या कडेला धरून उभे. शेवटी तात्याच खाकरले. दोनदा तुटक, एकदा लांब, मग 'हं'. आणि म्हणाले, "जेवलास का?"

"न्हाई."

तात्या जरा सरकले. डबा मध्ये ठेवला. "मंग दोघांनी खाल्ली खिचडी," संपत सांगत होता, "त्याच डब्यातनं. एकाच चमच्यानं, पाळीपाळीनं. संपल्यावर अण्णा म्हनले, 'यात्रंला ये. बोलवाय आलोय.'" आम्ही फोन ठेवून दिला.

यात्रेला मी, वैशाली आणि नंदू गेलो होतो. तात्या दोन दिवस आधी घरी आले होते. ज्या वेशीतून त्यांना यायचं होतं तिथे कुठल्यातरी नेत्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स होतं, एवढंच. सकाळी दोघं भाऊ देवळाच्या ओवरीत एका ताटात जेवले आणि अर्ध्या गावाने मोबाइल काढून त्याचं शूटिंग केलं. पुरणपोळीवर तूप कमी वाढलं यावरून तिथेच दोघांचं वाजलं, पण एकाही जणाने मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. मग निशाण निघालं. अण्णांच्या हातात निशाणाची काठी, आणि तिला खुर्चीवर बसल्या बसल्या लावलेला तात्यांचा हात.

दुपारी पंगतीत तात्या सगळ्यांची विचारपूस करत काठी टेकत आले. वैशालीच्या मागे उभे राहिले. खाकरले आणि म्हणाले, "जेवलीस का, बाई?"

वैशालीच्या हातातला घास पडला. तात्या पुढे गेल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला. "तोच आवाज आहे," ती म्हणाली. "तोच. पण... हे नाहीत ते. ते ह्यांच्याहून खूप म्हातारे होते."

तात्यांना मोडी येत नाही. त्या रविवारी साडेबारा-एकला ते दवाखान्यात झोपले होते, शेजारी त्यांचा मुलगा बसून होता. मी त्याला चार वेळा विचारलंय. अण्णांना मागच्या बाजूचं लहानपणी कोणी सांगितलं असेल का, तर ते देवाची शपथ घेऊन नाही म्हणतात. आणि समजा माहीत असतं, तरी ते माझ्या हॉलमध्ये नव्हते. खालच्या मजल्यावरचा टीव्ही, शेजारच्यांचा फोन, उन्हाने डोकं फिरणं... जे जे तुम्ही कमेंटमध्ये लिहिणार आहात ते सगळं मी आधीच तपासलंय. आमच्याकडे एखाद्या दोषाचं कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' विचारायची पद्धत आहे. मी पन्नास वेळा विचारलं. उत्तर नाही.

ती चेकशीट अजून माझ्या फाइलमध्ये आहे. एक ते चौदा ओळी पूर्ण, तिन्ही सह्या. पंधरा ते वीस : लिहिणार — वैशाली. तपासणार — मी आणि नंदू. वाचणार — रिकामा. अठरा वर्षांत मी एकही रिपोर्ट रिकाम्या रकान्यासकट पुढे जाऊ दिलेला नाही. हा एकच. कसरीच्या भोकाच्या जागी मी शेवटी नकलेत 'अक्षरे गेली' असं लिहिलं, नियमाप्रमाणे. वैशालीने तिच्या हाताने ते खोडून 'एके ताटी' केलं, आणि मी तिला अडवलं नाही.

यात्रेहून परत येताना गाडीत ती बराच वेळ बाहेर बघत होती. मला वाटलं, घाबरली असेल. विचारलं, तर म्हणाली, "घाबरायचं काय त्यात? पण अहो, आपल्या घरात आले, एवढं उन्हातान्हाचं वाचून दाखवलं... आणि आपण साधा चहासुद्धा विचारला नाही हो त्यांना."

म्हणून हल्ली आमच्या मोडी पार्टीत एक कप चहा जास्त होतो. त्या दिवशी फ्रेमजवळ होती त्या खुर्चीसमोर ठेवतो. नंदू त्या खुर्चीकडे पाठ करून बसत नाही. अजून तरी कप भरलेलाच राहतो. शेवटी गार झालेला चहा मी ओतून देतो, कप धुतो, आणि माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही हे स्वतःला एकदा सांगून ठेवतो.